समुद्रकाठी छोटं, साधं घर: जागा, वारा आणि मिठाचा हिशोब

समुद्रकाठच्या साध्या घराचं छायाचित्र पाहताना नजर मोठ्या काचेवर आणि कोऱ्या भिंतीवर जाते. बांधणाऱ्याने मात्र आधी सांधे मोजावेत. दोन छपरांमधली पन्हळ, खिडकीची चौकट, कठड्याचा स्क्रू, शोभेची पट्टी अशा प्रत्येक ठिकाणी मीठ बसतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि धातू व लाकूड तिथूनच खराब व्हायला लागतं. जेवढे सांधे कमी, तेवढं घर जास्त टिकतं आणि तेवढं ते शांतही दिसतं. इथला साधेपणा आधी देखभालीच्या हिशोबातून येतो, आवड नंतर.

पुढची माहिती ४५ ते ६० चौरस मीटरच्या (साधारण ५०० ते ६५० चौरस फूट) एकमजली घरासाठी आहे. दोन ते चार माणसांना एवढं पुरतं. यापेक्षा मोठं घर हवं असेल, तर एकाच छपराखाली वाढवण्यापेक्षा दुसरी छोटी खोली वेगळी बांधणं बहुतेक वेळा बरं पडतं. मधली झाडं वाचतात, शिवाय वारा अडत नाही.

पायरी १: रेखाटनाआधी जागा समजून घ्या

शक्य असेल तर पूर्ण वर्ष, नाहीतर किमान दोन ऋतू आणि एक वादळ जागेवर पाहा. दर वेळी एकाच नकाशावर नोंदी करा:

– अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती कुठवर येते, आणि वादळानंतर शेवाळ, ओंडके, प्लास्टिक कुठे अडकून राहतं. दुसरी रेषा पहिलीपेक्षा बरीच आत असते. महत्त्व तिलाच द्या.

– वारा. एक मीटर आणि तीन मीटर उंचीवर कापडाच्या पट्ट्या बांधलेल्या काठ्या रोवा. झुडपं ज्या दिशेला झुकलेली दिसतात तो रोजचा वारा. वादळाचा वारा बऱ्याचदा वेगळ्याच बाजूने येतो आणि छप्पर त्याच्यासाठी बांधायचं असतं. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीवरून सुटणारे मतलई वारे वेगवेगळे नोंदवा, कारण झोपण्याच्या खोलीला मतलई वाऱ्यांचा उपयोग जास्त.

– पाणी. पावसाचं पाणी कुठून वाहतं, कुठे साचतं ते पाहा. पावसाळी काळ संपताना दोन मीटरचा खड्डा खणा आणि त्यात पाणी किती वर येतं ते मोजा. पाया आणि सांडपाणी या दोन्हींचा निर्णय या खड्ड्यावर होईल.

– जे आधीपासून राहतं ते. जनावरांच्या वाटा, घरटी, वाळू धरून ठेवणारे वेल आणि गवतं. उष्ण प्रदेशांच्या किनाऱ्यांवर मर्यादवेल दिसली, तर तिथली वाळू तिनेच थोपवलेली आहे असं समजा आणि तिथे पाऊलसुद्धा जपून टाका.

आता मागे किती सरकायचं ते ठरवा. जुने नकाशे आणि उपग्रह-चित्रं शेजारी ठेवून किनारा दरवर्षी किती झिजतो ते काढा. झीज वर्षाला अर्धा मीटर असेल आणि घर ५० वर्षं टिकवायचं असेल, तर २५ मीटर त्यातच गेले. एकाच मोठ्या वादळात जाऊ शकणारा पट्टा त्यावर वेगळा धरा. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार, १९९५–२०१४ च्या सरासरीशी तुलना करता २१०० पर्यंत समुद्राची जागतिक पातळी साधारण ०.२८ ते १.०१ मीटर वाढण्याची शक्यता आहे. आकडा उत्सर्जनावर अवलंबून आहे. सपाट किनाऱ्यावर उभ्या एका मीटरचा अर्थ आडवे कितीतरी मीटर होतो. किनाऱ्याबाबतचे सरकारी नियम जमीन घेण्याआधीच तपासा. त्यांनी सांगितलेलं अंतर हे कमीत कमी आहे, सुरक्षित असेलच असं नाही.

घराची जागा निवडताना सगळ्यात सुंदर तुकड्यावर खुणेचे खुंट ठोकण्याचा मोह होतो. घर तिथे आलं की तो तुकडा कायमचा जातो. आधीच खराब झालेली जागा शोधा: जुनी गाडीवाट, माती काढलेला खड्डा, परक्या तणांनी भरलेला कोपरा. वाळूच्या पहिल्या टेकडीवर काहीही बांधू नका. ती टेकडी हेच तुमचं वादळातलं संरक्षण आहे आणि ती जागा बदलत राहते. घर कड्यावर असेल, तर छपराचं किंवा मोरीचं पाणी कड्याच्या दिशेने सोडू नका. भिजलेला कडा लवकर ढासळतो.

कॅलिफोर्नियातली ‘सी रँच’ ही वसाहत या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. १९६० च्या दशकात लँडस्केप आर्किटेक्ट लॉरेन्स हॅल्प्रिन यांनी तिथला वारा आणि गवताळ पठार अभ्यासून आराखडा केला. मोकळी कुरणं मोकळी ठेवायची आणि घरं जुन्या सायप्रस झाडांच्या रांगांच्या आडोशाला एकत्र बांधायची, असा तो विचार होता. १९६५ मधल्या तिथल्या पहिल्या गृहसमूहाची छपरं एकउतारी आहेत, बाहेरून न रंगवलेलं लाकूड आहे आणि वळचण जवळपास नाहीच. इथेच नवशिके फसतात. वळचण नसणं हे त्या थंड, धुकट, वाऱ्याच्या किनाऱ्याला जमतं. जिथे ऊन कडक आणि पाऊस आडवा, तिथे तेच रूप उचललं तर भिंती पहिल्याच वर्षी ओल धरतात.

पायरी २: आकार वाऱ्याला विचारून ठरवा

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्याला दर चौरस मीटरला सुमारे २४ किलो, तर ताशी १४४ किलोमीटरला सुमारे ९८ किलो. वेग दुप्पट, दाब चौपट. छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना वर ओढणारं बल मधल्या भागाच्या दुपटीच्या आसपास जाऊ शकतं. पत्र्याचं छप्पर दर चौरस मीटरला जेमतेम पंधरा-वीस किलो भरतं. म्हणजे वादळात छप्पर वजनाने खाली बसत नाही, बांधलेलं असतं म्हणून राहतं.

त्यामुळे:

– आराखडा साधा आयत ठेवा. लांबी रुंदीच्या दुप्पट, फार तर तिप्पट. आत घुसलेले कोपरे वारा आणि कचरा दोन्ही पकडतात.

– आरपार वारा खेळवायचा असेल, तर खोलीचं एका खिडकीपासून समोरच्या खिडकीपर्यंतचं अंतर छताच्या उंचीच्या पाचपटीच्या आत हवं. एकाच बाजूला खिडकी असेल, तर अडीचपटीच्या आत. २.७ मीटर उंचीच्या घराला पाच-सहा मीटर रुंदी उत्तम. एका ओळीत खोल्या, प्रत्येकीला समोरासमोर उघडं.

– चक्रीवादळाच्या पट्ट्यात चारही बाजूंना उतरतं, सुमारे ३० अंशांचं छप्पर दोनउतारी छपरापेक्षा जास्त टिकतं. दोन उतारांच्या मध्ये पन्हळ येईल असा आकार टाळा. पाला तिथेच साचतो, गळतीही तिथेच.

– वळचण ४५ ते ६० सेंटिमीटर पुरे. पडवी मोठी हवी असेल तर तिचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं बांधा. वादळात पडवी उडाली, तरी घराचं छप्पर सोबत जात नाही.

– पत्रा पट्टीला, पट्टी वाशाला, वासा भिंतीवरच्या तुळईला, तुळई खांबाला आणि खांब पायाला ही साखळी सलग हवी, प्रत्येक जोडाला धातूच्या पट्ट्या किंवा बोल्ट. नुसता खिळा ओढीला टिकत नाही, सुटतो. गवंडी आणि सुतार वेगवेगळ्या दिवशी येतात, म्हणून तुळई आणि भिंत यांचा जोडच बहुधा राहून जातो. तो स्वतः जाऊन पाहा.

पायरी ३: पाया कमीत कमी ठिकाणी टेकवा

सपाटीकरण करून सलग कोबा घालणं सोपं वाटतं, पण त्याने पाण्याची वाट बदलते आणि झाडांची मुळं तुटतात. उतारावर किंवा वाळूत खांबांवरचं घर बरं. जमिनीपासून किमान ६० सेंटिमीटर उंच, म्हणजे खाली वाकून तपासता येतं आणि पाणी, वाळू, लहान जनावरं खालून जाऊ शकतात. उधाणाचं पाणी येण्याची शक्यता असेल, तर उंची अपेक्षित पाण्याच्या पातळीवरून काढा आणि खालची जागा भिंतीने बंद करू नका.

वाळूत खांबाची खोली वजनावरून ठरवून भागत नाही. लाट आणि पाणी खांबाभोवतीची वाळू उपसतात, त्यामुळे तेवढी वाळू गेल्यावरही खांब उभा राहील इतकं खाली जावं लागतं. हे गणित माती-परीक्षणावरून संरचना अभियंत्यानेच करायचं. स्क्रूसारखे फिरवून घालायचे पोलादी खांब वाळूत चांगले. खोदकाम जवळपास लागत नाही आणि पुढे कधी काढताही येतात.

काँक्रीट वापरणार असाल तर सळईवरचं आवरण ५० मिलिमीटर, जमिनीला थेट टेकणाऱ्या भागात ७५. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४० ते ०.४५, त्याहून जास्त नाही. स्लॅग किंवा फ्लाय अ‍ॅश (भट्टीची मळी किंवा कोळशाची राख) मिसळलेलं सिमेंट घ्या, त्यातून मिठातलं क्लोराइड सावकाश झिरपतं. समुद्राची वाळू आणि मचूळ पाणी वर्ज्य, पाणी मारतानाही गोडंच. आवरण धरणारे ठोकळे त्याच काँक्रीटचे असावेत, लाकडाचा किंवा विटेचा तुकडा नको. बांधणीच्या तारेची टोकं आत वळवा. बाहेर राहिलेलं एक टोक गंजलं की गंज सळईपर्यंत जातो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेत असल्यामुळे काँक्रीट आतूनच फुटतं.

पायरी ४: मीठ ओळखून साहित्य निवडा

पैसा कुठे जास्त घालायचा असं विचाराल, तर स्क्रू, बिजागऱ्या आणि पट्ट्या. सुंदर फळी स्वस्त स्क्रूने ठोकली, तर पाच-सात वर्षांत फळी शाबूत आणि स्क्रू गेलेला अशी वेळ येते.

बाहेर सगळीकडे ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते नेहमीच्या ३०४ प्रतीपेक्षा मिठाला जास्त तोंड देतं. तरीही त्यावर चहाच्या रंगाचे डाग पडतात, खरखरीत पृष्ठभागावर जास्त. म्हणून गुळगुळीत पॉलिश घ्या. गरम जस्तलेप दिलेल्या जाड पोलादावर साधारण ८५ मायक्रॉनचा थर असतो. आयएसओ ९२२३ या हवेच्या गंजकारकतेच्या मानकातल्या सी५ वर्गातल्या, म्हणजे तीव्र खाऱ्या हवेत जस्त वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजतं. भागाकार केला की आयुष्य दहा ते वीस वर्षं येतं. लाटांच्या तुषारांत त्याहूनही कमी.

दोन धातू एकमेकांना थेट टेकू देऊ नका. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेस स्क्रू घालताना मध्ये नायलॉन किंवा रबराचं वॉशर हवं, नाहीतर स्क्रूभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन निघतं. तांब्यावरून आलेलं पाणी जस्तलेपित पत्र्यावर पडू देऊ नका. तांबंयुक्त संरक्षक मुरवलेलं लाकूडही साध्या जस्तलेपित खिळ्याला आणि अ‍ॅल्युमिनियमला खातं.

नवशिक्यांना चकवणारी एक गोष्ट: सर्वात जास्त गंज पावसात उघड्या असलेल्या भागावर नसतो, तर वळचणीखाली, पडवीच्या छताच्या पोटाला, खिडकीच्या वरच्या पट्टीमागे असतो. उघडा पत्रा पाऊस धुऊन काढतो. आडोशाला मीठ साचतच राहतं. म्हणून वळचणीखाली धातू कमीत कमी ठेवा, आणि जो ठेवाल तिथे पाण्याची नळी पोहोचली पाहिजे. पत्रा विकत घेताना हमीपत्रातलं ‘समुद्रापासून किती अंतरावर’ हे कलम वाचा. बऱ्याच हमी किनाऱ्याजवळ लागूच होत नाहीत.

बाहेरच्या लाकडी फळ्या किमान २० मिलिमीटर जाड, रुंदी १२० ते १४० मिलिमीटर. त्याहून रुंद फळी वाकते. फळीमागे २५ मिलिमीटर हवेची पोकळी, वर-खाली उघडी, खालच्या तोंडाला स्टेनलेसची बारीक जाळी. फळी जमिनीपासून २०० मिलिमीटर वर संपवा, कारण उसळणारे थेंब तिथपर्यंत येतात. कापलेल्या प्रत्येक टोकाला बसवण्याआधी मेण किंवा तेल लावा. लाकूड टोकातून सर्वात जास्त पाणी पितं. न रंगवलेलं लाकूड करडं पडतं ते सुंदरच दिसतं, पण ऊन-पाऊस लागतो तिथेच. वळचणीखालचा पट्टा तपकिरी राहतो. हा फरक नको असेल तर सुरुवातीलाच करड्या झाकेचं तेल लावा. चकचकीत वॉर्निश नको: ते पापुद्र्याने सुटतं आणि पुन्हा लावण्याआधी सगळं खरवडावं लागतं.

रंग जागेवरूनच घ्या. ओल्या वाळूचा, खडकाचा, सुकलेल्या गवताचा नमुना उन्हात भिंतीच्या तुकड्याशेजारी धरून पाहा. पांढरीशुभ्र भिंत दूरवरून ओरडते. छप्पर मात्र उष्ण हवामानात फिकट ठेवा.

पायरी ५: खिडक्या थोड्या, पण नेमक्या

समुद्राकडे एक मोठी चौकट, साधारण २.४ मीटर रुंद, खालची कड बसल्यावर नजर जाईल अशी ४५ सेंटिमीटरवर. बाकी खिडक्या छोट्या, वाऱ्यासाठी. पूर्ण भिंत काचेची केली तर उन्हाने घर तापतं, आणि काचेवर मिठाचा थर बसून दृश्यच धूसर होतं. जी काच हाताने किंवा नळीने धुता येत नाही ती बसवूच नका.

बाहेर उघडणारी, बिजागरीची खिडकी वाऱ्याच्या दाबाने चौकटीवर घट्ट बसते. सरकत्या खिडकीच्या रुळात वाळू जाते आणि चाकं गंजतात. अ‍ॅल्युमिनियमची चौकट घेतली तर २५ मायक्रॉन अ‍ॅनोडायझिंग (धातूवरचा संरक्षक ऑक्साइड थर) मागा. वादळी पट्ट्यात लॅमिनेटेड काच (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली) आणि बाहेरून लाकडी झडपा. एक खिडकी फुटली की वारा आत शिरून छपराला आतून वर ढकलतो; छपरं जाण्याची सुरुवात अनेकदा तिथेच होते. समोरासमोरच्या काचांतून आरपार आकाश दिसत असेल तर पक्षी आदळतात. बाहेरच्या बाजूने दर पाच सेंटिमीटरला ठिपके किंवा रेषा असलेली काच हा त्यावर उपाय.

पायरी ६: आत सामान लपेल तरच साधेपणा टिकेल

चटईक्षेत्राच्या दहा-बारा टक्के जागा बंद फडताळांना द्या, शक्यतो एकाच लांब भिंतीत. ती नसेल तर महिन्याभरात ओले टॉवेल, छत्र्या, दोऱ्या खुर्च्यांवर दिसू लागतात. फडताळांना वर-खाली हवेच्या फटी ठेवा आणि बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन सेंटिमीटर अंतर, नाहीतर बुरशी येते. दाराआधी पडवीत बाक, खुंट्या आणि उघडा शॉवर असावा. वाळू तिथेच थांबते. जिप्सम बोर्ड आणि एमडीएफ दोन्ही दमट हवेत फुगतात. प्लायवूड, चुन्याचा गिलावा, दगड किंवा टाइल वापरा. विजेची पेटी घराच्या आत, बाहेरची बटणं व दिवे आयपी ६५ दर्जाचे (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न जाणारे), तारा कथिलाचा लेप दिलेल्या तांब्याच्या.

पायरी ७: पाणी आणि सांडपाणी

किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं. ढोबळ नियम असा की समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं असतं. उलट बाजूने पाहिलं, तर उपसा करून पातळी एक मीटर उतरवली की खारं पाणी कालांतराने ४० मीटर वर सरकू शकतं. म्हणून छोटा पंप, थोडा थोडा उपसा, आणि मुख्य भिस्त छपराच्या पाण्यावर.

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ६० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पावसाचे ६०० लिटर, गळती-बाष्पीभवन वजा जाता ५०० धरा. टाकी कोरड्या दिवसांवरून ठरते: दोन माणसं, रोज ८० लिटर प्रत्येकी, ६० कोरडे दिवस, म्हणजे ९,६०० लिटर. पहिल्या १–२ मिलिमीटर पावसाचं पाणी (इथे ६० ते १२० लिटर) छपरावरचं मीठ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येतं. ते वेगळ्या पाइपने बाहेर सोडा.

सेप्टिक टँकनंतरच्या शोषखड्ड्याचा तळ भूजलाच्या सर्वोच्च पातळीपासून किमान एक मीटर वर हवा. भरड वाळूतून पाणी फार वेगाने उतरतं आणि न गाळताच विहिरीला मिळतं. पहिल्या पायरीतल्या खड्ड्यात पाणी वर आलेलं असेल तर शोषखड्डा विसरा. उंचावलेला वाळूचा गाळथर किंवा कोरडं कंपोस्ट शौचालय निवडा.

पायरी ८: बांधकामात जमीन वाचवा

घराच्या रेषेबाहेर दोन-तीन मीटरवर कुंपण घाला. त्यापलीकडे ना विटा, ना वाळू, ना गाडी. हे करारात लिहा, तोंडी सांगून उपयोग होत नाही. गाडीवाट एकच, आणि शक्यतो पुढे कायम राहणारी तीच. सिमेंटची अवजारं धुतलेलं पाणी अल्कधर्मी असतं, ते प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात सोडा.

काम संपल्यावर हिरवळ नको. तिला पाणी आणि खत लागतं, आणि नर्सरीच्या मातीतून परकं तण येतं. कुंपणापलीकडच्याच झाडांच्या बिया आणि काड्या लावा. वारा अडवायचा असेल तर ४०–५० टक्के पोकळ अशी झुडपांची रांग लावा. आडोसा तिच्या उंचीच्या दहापटीपर्यंत जाणवतो. भरीव भिंतीमागे मात्र वारा घुसळतो. समुद्राकडची वाट ६०–७५ सेंटिमीटर रुंद आणि वळणाची. वाऱ्याच्या रेषेत सरळ पाडलेल्या वाटेतून वाऱ्याने वाळू उपसली जाते आणि टेकडीला खिंडार पडतं. बाहेरचे दिवे खाली तोंड केलेले, गुडघ्याच्या उंचीवर, पिवळसर-केशरी (५६० नॅनोमीटरहून लांब तरंगलांबीचे). पांढऱ्या उजेडाने कासवांची पिल्लं समुद्राऐवजी घराकडे येतात.

पायरी ९: पहिल्या वर्षाची देखभाल

समुद्राकडच्या काचा दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने धुवा, वळचणीखालचे आणि पडवीतले धातू कोरड्या काळात महिन्यातून एकदा. बिजागऱ्यांना तेल नको, वाळू चिकटते. कोरडं मेण किंवा सिलिकॉन लावा. घर बंद ठेवून जाताना जाळीच्या छोट्या झरोक्यांतून हवा चालू राहू द्या. वर्षाच्या शेवटी वळचणीखालचा एक स्क्रू उघडून बघा. डोक्यावर नुसते डाग असतील तर पुसून परत लावा. दांड्यावर खड्डे पडले असतील तर त्या खेपेचे सगळे स्क्रू, फळ्या सुटायला लागण्याआधीच, बदलून टाका.